घर नाही, कट्टा आहे

गोठ्यातलं शेण आणि सरकारी योजनेतले किस्से, दोन्हींचं सारखंच. रोज काढलं तरी सकाळी पुन्हा तेवढंच पडलेलं असतं! शेणाच्या निदान शेणी लावता येतात. किस्स्यांचं काय करायचं? म्हणून सांगून मोकळा होतो.

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर होतो, लोखंड ओतायचे वाळूचे साचे करायचो. शाळा चौथीपर्यंत. पुढचं लोखंडानं शिकवलं. लोक मला मिस्त्री म्हणतात. काम सुटल्यावर म्हैस घेतली. नाव बिजली. रोज संध्याकाळी तिला घेऊन पेठेतल्या दूध कट्ट्यावर जायचं. म्हैस समोर, गिऱ्हाईक समोर. धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा. मधे पाणी घालायला जागाच नाही.

आमची मुलं नोकरीनिमित्त पुण्याला. घर मोकळं. बायकोला सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणतो. तिनं कुठूनतरी ऐकून आणलं की दुसऱ्याचं पोर तात्पुरतं सांभाळायची योजना आहे. आईबाप अडचणीत असले, तर ते सावरेपर्यंत पोर आपल्या घरी ठेवायचं. अशा माणसांना सरकार प्रतिपालक म्हणतं.

आक्का म्हणाली, "आपण एक पोर आणूया."

मी म्हणालो, "म्हस हाय की."

"म्हस बोलत न्हाय."

"म्हणून तर घेतलीया!"

ती माझ्याशी बोलायची थांबली. मला बरं वाटलं. मग आमटीत मीठ पडायचं थांबलं. मग मी हो म्हणालो.

*

घर बघायला ऑफिसातून शिंदे मॅडम येणार होत्या. आक्कानं सकाळीच चूल पेटवली. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं. कोल्हापुरात पाहुण्याला उपाशी परत पाठवणं म्हणजे मारून पाठवण्यासारखंच.

मॅडमनी घर बघितलं, संडास बघितला, गोठा बघितला. आक्कानं ताट मांडलं.

मॅडम म्हणाल्या, "काकू, ज्यांचं घर तपासायचं त्यांच्याकडं आम्हाला चहासुद्धा चालत नाही."

"चहा कुठं हाय? मटण हाय."

"तेही नाही चालत. नियम आहे."

आक्काचा चेहरा पडला. आत येऊन मला म्हणाली, "ताटातलं मटण घेईना झाली, ही आपल्याला पोर कशाला देती?"

पण ताट वाढलेलं. वाया घालवायचं कसं? आक्का ते उचलून बाहेर जीपकडं गेली. ड्रायव्हर बापू सीट मागं पाडून झोपला होता. त्याच्यासाठी नियम नव्हता. तो उठला, जेवला, रस्सा परत मागितला आणि बोटं चाटत मॅडमना म्हणाला, "घर एक नंबर हाय, मॅडम!"

पुढं आमची निवड झाली. ती मॅडमनी केली की बापूनं, हे अजून कळलेलं नाही.

*

निवडीआधी मुलाखत होती. मॅडम विचारत होत्या, मी सांगत होतो.

"काका, तुम्हाला राग येतो?"

"येतो."

"मग काय करता?"

"गप बसतो."

आतून आक्का ओरडली, "खोटं हाय! म्हशीला शिव्या देत्यात!"

मॅडम म्हणाल्या, "आणि म्हैस काय करते?"

मी म्हणालो, "ती दूध देती."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. मी वाचायला मागितलं नाही. आपलं आपल्याला माहीत असतं.

*

पोरगी आली. राणी. वय पहिलीत जायचं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, नाक वाहतंय.

तिची आई शोभा, गारगोटीकडची. नवरा सोडून गेलेला. कोल्हापुरात चार घरची धुणीभांडी करून पोरीला वाढवत होती. तिला टीबी झाला. दवाखान्यात राहावं लागलं, काम सुटलं, कामाबरोबर खोली सुटली. पोरीला ठेवून घ्यायला कोणी नातेवाईक पुढं आला नाही. बाईनं दारू प्यायली नव्हती, पोरीला मारलं नव्हतं, टाकलं नव्हतं. नुसती आजारी पडली होती. तेवढ्यावर पोर परक्याच्या दारात!

राणीनं उंबऱ्यातच विचारलं, "माझी आई कवा येणार?"

आक्का म्हणाली, "येणार गं बाळ, उद्या-परवा येणार."

मी म्हणालो, "उद्या-परवा न्हाय. बरी झाली की येणार."

"कवा बरी हुणार?"

"मला काय म्हाईत? मी डॉक्टर हाय व्हय?"

आक्का माझ्यावर खेकसली, "अवं, लहान पोराशी असं बोलत्यात काय!"

राणीनं माझ्याकडं बघितलं, मग आक्काकडं बघितलं. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ह्याला ईचारतो मी. ह्यो खोटं बोलत न्हाय."

त्या दिवसापासून रोज सकाळी एकच प्रश्न. "म्हातारं, आई बरी झाली काय?" माझा अलार्म त्यानंच बंद पडला. गरजच उरली नाही.

*

महिन्यातून एकदा सगळ्या पाळणाऱ्यांची बैठक असते. ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये. एकदा एक तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी सांगितलं, "मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या. वरून बोललं की मूल घाबरतं."

मी मनावर घेतलं. घरी आलो. राणी गोठ्यात बिजलीला वैरण घालत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "राणी, आज शाळेत काय झालं?"

तिनं सगळं सांगितलं. फार सांगितलं. तोवर माझे गुडघे गेले. उठता येईना. धरायला जवळ फक्त म्हशीची शेपटी!

राणी पळत बाहेर गेली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "आजी! म्हातारा बसला! उठंना झालाय!"

शेजारची दोन माणसं आली, त्यांनी मला बगलेत हात घालून उभं केलं. त्यातला एक म्हणाला, "मिस्त्री, बसलेल्या म्हशीला असंच उचलत्यात."

त्यानंतर राणीनं स्वतःच सोय केली. माझ्याशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ती गव्हाणीच्या कट्ट्यावर चढायची, माझ्या डोळ्यांत डोळे घालायची आणि म्हणायची, "आली पातळी. बोला आता."

*

मॅडम अधूनमधून पोरीची चौकशी करायला येत. एकदा त्यांनी राणीला कागद आणि रंग दिले. म्हणाल्या, "तुझ्या घरात कोण कोण आहे, ते काढ बघू."

राणीनं आधी बिजली काढली. अर्धा कागद तिनंच खाल्ला. शेजारी आक्का, हातात उलथनं. वरच्या कोपऱ्यात खिडकी, खिडकीत आई. दवाखान्याची खिडकी असणार.

मॅडमनी चित्र बराच वेळ बघितलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "काका, चित्रात तुम्ही नाही. मुलं ज्याच्यापासून लांब असतात, त्याला काढत नाहीत. तुम्ही ओरडता का फार?"

मी कागद उलटा करून मागं बघितलं.

मॅडमनीच मग पोरीला विचारलं, "राणी, ह्यात आजोबा कुठं आहेत गं?"

"हायत की!" राणी म्हणाली. "म्हशीच्या मागं. शेण काढाल्यात."

*

बैठकीत माझी दोस्ती जमली ती रसूलभाईशी. रसूलभाई टेलर. त्याच्याकडं दोन भाऊ सांभाळायला दिलेले. पोरं हिंदू. त्यांचे सणवार त्यांना करता आले पाहिजेत, असा नियम आहे. रसूलभाईनं नियम असा पाळला की विचारू नका. गणपती आणला, स्वतःच्या हातानं मखराला झालर शिवली, बायकोनं शेजारणीकडून मोदक शिकून घेतले.

पुढच्या बैठकीत मॅडमनी विचारलं, "कशी आहेत मुलं? धर्माच्या बाबतीत काही अडचण?"

रसूलभाई म्हणाला, "अडचण एकच हाय, मॅडम. चतुर्थीला मोदक खायला ती हिंदू. ईदला शिरखुर्मा खायला ती मुसलमान. आणि उपास म्हटला की रोजा बी न्हाय आणि एकादशी बी न्हाय! त्या दिवशी कुठल्याच धर्माची न्हाईत ती!"

हाच रसूलभाई एकदा उठून म्हणाला होता, "पोर आईपासनं लांब ठेवायला आपण सगळे एवढे पळतोय. त्याच्या निम्मं त्या आईसाठी पळालो असतो, तर पोर लांब ठेवायलाच लागलं नसतं." तेव्हा हॉलमध्ये कोणी हसलं नाही. चहा आला, म्हणून सुटलो सगळे.

*

शोभा बरी झाली. तिच्यापासून आता कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. पण राहायला जागा नाही, काम नाही. मग पोर कशी देणार? तोवर भेट ऑफिसातच. महिन्यातून एकदा, एका खोलीत, समोर मॅडम बसलेल्या. खोलीत प्लॅस्टिकची घसरगुंडी. मायलेकी खुर्चीवर बसून घसरगुंडीकडं बघायच्या. वेळ संपली की आई उठायची. राणी घरी येऊन जेवायची नाही.

मी मॅडमना म्हणालो, "आमच्या घरला येऊ दे की तिला."

"पाळणाऱ्यांच्या घरी भेट चालत नाही, काका. परवानगी लागते. मी अर्ज वर पाठवलाय."

वर म्हणजे कुठं, हे मला आजवर कळलेलं नाही. तिथं गेलेलं काही खाली येत नाही.

आक्कानं डोकं चालवलं. म्हणाली, "घरात चालत न्हाय न्हवं? कट्टा काय आपलं घर न्हाय. रस्ता हाय. रस्त्यावर दूध प्यायला कोण बी येतंय."

दुसऱ्या दिवसापासून शोभा कट्ट्यावर दूध प्यायला येऊ लागली. राणी माझ्याबरोबर बिजलीचं दावं धरून असायचीच. आई एक ग्लास दूध सूर्य मावळेपर्यंत प्यायची. एवढं सावकाश दूध पिणारं गिऱ्हाईक कोल्हापुरानं बघितलं नसेल. पैलवान एका दमात संपवून मिशा पुसतात! तिच्या ग्लासातला फेस बसायचा, दूध गार व्हायचं, आणि राणी तिच्या मांडीवर बसून शाळेतलं सांगत असायची. घरी आल्यावर पोर दोन भाकरी खायची.

चुगली झालीच. एका संध्याकाळी जीप येऊन थांबली. मॅडम उतरल्या.

"काका, हे काय चाललंय?"

"धार काढालोय."

"ते दिसतंय. ही बाई इथं काय करते?"

"गिऱ्हाईक हाय."

"रोज?"

"चांगलं गिऱ्हाईक हाय."

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी राणीकडं बघितलं. राणी आईची वेणी सोडून परत घालत होती, वाकडीतिकडी. मॅडमनी आजूबाजूला बघितलं. मग पर्स काखेत मारली आणि म्हणाल्या, "मलाही द्या एक ग्लास."

ग्लास विसळत बसलेली आक्का एवढे दिवस वाटच बघत होती. म्हणाली, "आता चालतंय व्हय खाणंपिणं?"

मॅडम म्हणाल्या, "काकू, हे घर नाही. कट्टा आहे."

*

मग शोभाची बाकीची सोय बघायला लागलो. मी शिरोलीत गेलो. ज्या पोराला मी काम शिकवलं तो आता तिथं ठेकेदार. म्हणालो, "एक बाई हाय, कामाला लाव." त्यानं शोभाला कोअर शॉपमध्ये लावली. साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे करायचे, तिथं धूर जरा कमी. रसूलभाईनं दुकानाच्या वरची खोली दिली. कापडाचे गठ्ठे खाली उतरवले, शोभाचं सामान वर चढवलं.

एवढं झालं तरी गाडं अडलंच. तिला एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. दुसऱ्या पाळीला पोर कोण बघणार? मी म्हणालो, आम्ही. तर नियम आडवा! पोर आईकडं दिलं की आमचा कागद बंद. आमच्याकडं ठेवलं तर आईकडं नाही. इकडं नाहीतर तिकडं. दोन्हीकडं मिळून पोर वाढतं, हे त्यांच्या कुठल्याच फायलीत नव्हतं.

त्याच महिन्यात बैठकीला वरून एक साहेब आले. म्हणजे वरून काहीतरी खाली येतं, हे त्या दिवशी कळलं. म्हणाले, "योजनेत काय सुधारणा हवी, मोकळेपणानं सांगा."

मी माइक घेतला. पहिल्यांदाच. म्हणालो, "साहेब, मी मोल्डर. साच्यात लोखंड ओतलं की लगेच साचा फोडायचा नसतो. वरनं घट्ट दिसतंय, आत अजून लाल असतंय. घाई केली की तडकतंय. थंड होईपर्यंत वाळूतच ठेवायचं. आई आत्ता कुठं उभी राहिलीया. लगेच आमचा आधार काढू नका. थोडे दिवस आम्हाला तिच्या भोवतीनं राहू द्या."

टाळ्या पडल्या. रसूलभाईनं शिट्टी मारली. साहेबांनी मान डोलावली. मी ताठ मानेनं जागेवर येऊन बसलो.

आक्का कानात म्हणाली, "अवं, साहेबाला एवढंच कळलं आसंल. बाईला वाळूत पुरून ठेवा!"

*

शेवटी समितीपुढं तारीख लागली. पोर कुणाकडं द्यायचं, हे ती समिती ठरवते.

शोभानं कामावरून सुट्टी घेतली होती, ठेवणीतली साडी नेसली होती. ती सारखे हात पदराला पुसत होती. आक्का देवाचं नाव घेत होती. मी कुणाचंच घेत नव्हतो. आदल्या रात्री मात्र बिजलीला एकही शिवी दिली नव्हती, असं आक्का सांगते.

आत टेबलामागं समिती. मधे अध्यक्षबाई. पांढरे केस, जाड चष्मा, आवाज माझ्यासारखा. म्हणजे सरळ बोलल्या तरी पुढच्याला वाटावं, रागावल्यात.

त्यांनी राणीला पुढं बोलावलं. टेबल उंच, पोरगी लहान. पलीकडून फक्त तिचा भांग दिसत असणार.

"राणी, घाबरू नको. मी विचारते तेवढं सांग."

राणीनं इकडं तिकडं बघितलं. भिंतीजवळ स्टूल होतं. तिनं ते ओढत आणलं. फरशीवर असा आवाज झाला की दारातला शिपाई आत डोकावला. ती स्टुलावर चढली, अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत डोळे घातले आणि म्हणाली, "आली पातळी. बोला आता."

शिंदे मॅडमनी तोंडावर फाइल धरली. मी खाली बघितलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "बरं. तुझ्या घरात कोण कोण आहे?"

"कुठल्या घरात?"

"म्हणजे... तुला राहायचं कुणाजवळ?"

"आईजवळ."

शोभानं पदर तोंडात धरला.

"आईला दुसऱ्या पाळीला कामावर जावं लागतं. मग तुला कोण बघणार?"

राणीनं बोटांवर मोजत सांगितलं, "मी बिजलीला बघतो. म्हातारा मला बघतोय. आजी म्हाताऱ्याला बघती. आणि सुट्टी झाली की आई समद्यास्नी बघती."

समितीतल्या एकानं तेच स्वतःच्या बोटांवर मोजून बघितलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "सगळं तुम्हीच बघताय. मग आम्ही काय बघायचं गं?"

"तुम्ही दूध प्यायला या की!"

आम्हाला बाहेर बसवलं. बराच वेळ आतून नुसते आवाज येत होते. बापू ड्रायव्हर येऊन माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "मिस्त्री, काळजी करू नगा. म्या बी सांगितलंय मॅडमना." काय सांगितलं होतं, ते मला ठाऊक होतं. मटण चांगलं होतं.

मग बोलावलं. राणी आईकडं. दुसऱ्या पाळीला आमच्याकडं. ह्या व्यवस्थेला कागदावर काय म्हणायचं, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. ते वर पाठवलंय.

परवा संध्याकाळी मी धार काढत होतो. शोभा पहिल्या पाळीहून येऊन कट्ट्यावर टेकली होती. केसांत वाळू, मांडीवर राणीचं दप्तर. समोर जीप थांबली. पुढून बापू उतरला, मागून शिंदे मॅडम उतरल्या, आणि त्यांच्या मागून जाड चष्मा सावरत अध्यक्षबाई.

मी उठायला लागलो. गुडघ्यानं नाही म्हटलं.

राणी बिजलीचं दावं सोडून समोर आली. मी बसलेलो, वर चढायची गरजच नव्हती. तिनं माझ्या डोळ्यांत डोळे घातले आणि म्हणाली,

"म्हातारं, बघतंयस काय? पावणं आल्यात. ग्लास विसळ की!"